टिटवीचं बातमीपत्र का बंद पडलं

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकून हे कागदावरच. कंबर हल्ली अर्ध्या वाटेत थांबते, तेवढ्यावर आशीर्वाद देऊन टाक.) तुझे गुडघे, तुझा रक्तदाब आणि तुझ्या शेजारणीचा स्वभाव, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. भाऊजींना सांग, त्यांनी पाठवलेला शर्ट मला अगदी मापात बसतो, फक्त बटणं लावायची नाहीत. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. निदान या पत्राच्या पहिल्या पानावर तरी तसंच समज.

फोन सोडून हे पत्र कशाला, असं तू म्हणशील. ताई, फोनमध्ये आता काही राम राहिलेला नाही. पलीकडचा माणूस उशीत तोंड खुपसून बोलतोय असं वाटतं. मागच्या खेपेला तू बराच वेळ काही सांगत होतीस आणि मी 'वा, वा, छान झालं' म्हणत होतो. नंतर सूनबाईकडून कळलं की भाऊजी जिन्यावरून घसरले ते तू सांगत होतीस. फोन कंपनीला मी कडक शब्दांत पत्र धाडलं आहे. टीव्हीचीही तीच रड. बातम्या देणारी ती पोरं एक तर पुटपुटतात, नाहीतर चौघं मिळून एकदम किंचाळतात, मधलं काही नाहीच. त्यांच्या आईबापांनी त्यांना लहानपणी स्पष्ट बोलायला शिकवलं नाही, हे माझं मत मी वर्तमानपत्राला कळवलं. त्यांनी ते छापलं नाही. छापणार कसे? सगळे एका माळेचे मणी.

तुला ठाऊकच आहे, मी उभी नोकरी रेडिओवर बातम्या वाचण्यात काढली. पूर येवो, सरकार पडो, कुणी पुलाची फीत कापो, माझा आवाज एकाच पट्टीत. (मी लग्नाला होकार दिला तोही बातमी दिल्यासारखा, अशी तुझ्या भावजयीची शेवटपर्यंत तक्रार होती.) आमच्या वृत्तसंपादकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: 'किंचित', 'केवळ' आणि 'म्हणे' यांपैकी एक शब्द जरी बातमीत दिसला, तरी समजावं, कुणीतरी गुपचूप आपली बाजू आत सरकवली. ते शब्द मी जन्मभर शिवीसारखे टाळले. त्याचा परिणाम असा झाला की नोकरीभर दाबून ठेवलेली मतं निवृत्तीनंतर एकदम बाहेर पडली, आणि अजून पडतच आहेत. मुलांच्या हातात मोबाइल देणारे आईबाप, एकच बाजू छापणारी वर्तमानपत्रं, पदपथावर लावलेल्या गाड्या, लिफ्टचं दार उघडं टाकून जाणारी माणसं, प्रत्येकावर माझं मत तयार असतं. चिरंजीव म्हणतो, बाबा, मत द्यायला निवडणूक यावी लागते. घरात कुणाचा मान ठेवायची पद्धतच उरली नाही.

पण हे पत्र त्यासाठी नाही. ताई, आठवडा झाला, टिटवी माझ्याशी धड बोलत नाही.

टिटवी म्हणजे आपली नात. हे नाव तूच ठेवलंस, ते इतकं चिकटलं की कागदोपत्री नाव आता फक्त शाळेत चालतं. वय आठ. झोपेत सोडून ती गप्प बसल्याचं कुणी पाहिलेलं नाही. सूनबाई नर्स, चिरंजीव छापखान्यात, दोघांच्या कामाच्या वेळा एकमेकींशी भांडलेल्या. म्हणून टिटवीला दुपारी शाळेतून आणण्याचं काम माझ्याकडे आहे. घरी कुणी विचारलं तर मी 'काय करणार, अंगावर पडलंय' असं म्हणतो. तुला खरं सांगायला हरकत नाही. शाळेचं फाटक उघडतं आणि त्या गर्दीतून ती मला शोधत येते, माझं बोट धरते आणि फाटकापासून घरापर्यंत तोंडाचा पट्टा चालवते, त्या वाटेसाठी मी सकाळपासून दाढी करून बसलेला असतो. आणि आता तीच वाट हातची जाण्याची वेळ आली आहे. कशी, ते सांगतो.

आमच्या इमारतीत लिफ्ट वारंवार अडकते, तेव्हा आत अडकलेल्यांना धीर देता यावा म्हणून सोसायटीने एक माइक घेतला. तो तळमजल्यावर रखवालदाराच्या खोलीत कुलपात असतो आणि प्रत्येक मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी एक कर्णा बसवला आहे. पाणी कधी जाणार, कुणाची गाडी कुणाच्या गाडीसमोर लागली आहे, हे जाहीर करायचं काम सेक्रेटरींनी मला विनवून दिलं. (चिरंजीवाचं म्हणणं, मी माइक सोडत नव्हतो म्हणून दिलं. ती त्याची बाजू झाली.) मी 'नमस्कार, ठळक घडामोडी' अशी सुरुवात करून टाकी साफ करण्याची वेळ सांगायचो. लोक हसायचे, पण टाकीची वेळ कुणाची चुकत नव्हती. मग मध्यंतरी माझा घसा बसला आणि मी माझ्या जागी टिटवीला बसवलं.

बसवलं ते पूर्ण तालीम देऊन. पाठ ताठ, वाक्याआधी श्वास, शेवटचा शब्द गिळायचा नाही. ऐकीव गोष्ट दोघांनी सांगितल्याशिवाय वाचायची नाही. ज्याच्याविषयी बातमी आहे त्याची बाजू विचारायची. आणि ते तीन शब्द कधीही वापरायचे नाहीत. पोरीने सगळं घोटून पाठ केलं. मला अभिमान वाटला. हे मी कबूल करतो, कारण पुढे जे झालं त्याला याच तालमीचा हातभार होता, असं सूनबाईचं मत आहे.

पहिले काही दिवस पाणी आणि लिफ्ट एवढंच चाललं. पण बातमीदाराला रोज नवं लागतं, आणि आमच्या टाकीत रोज नवं काय घडणार? तेव्हा टिटवीने इमारतीतली सगळी पोरं आपले प्रतिनिधी म्हणून नेमली. प्रत्येक मजल्यावर एक. आता पोरांना बातमी म्हणजे काय ठाऊक असणार? घरात मोठी माणसं जे करतात तेच. एका संध्याकाळी मी गुळण्या करत असताना कर्ण्यातून आवाज आला की तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी मुलाला अभ्यासाला बसवलं आणि स्वतः आतल्या खोलीत मोबाइलवर फुगे फोडण्याचा खेळ खेळले. बाजू विचारली असता, तो खेळ दातांशी संबंधित असल्याचं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी फोनवर आपण कोर्टात असल्याचं कळवलं; त्या वेळी मागे मिक्सर चालू होता. पाचव्या मजल्यावर गाणं शिकवणाऱ्या बाई मुलीला 'खोटं बोलू नये' असं सांगत असताना दारावर कुणीतरी आलं, तेव्हा त्यांनी त्याच मुलीला 'आई घरी नाही म्हणून सांग' असं सांगितलं. शेवटी हवामान: चौथ्या मजल्यावर वातावरण तंग, जेवणापर्यंत निवळण्याची शक्यता.

ताई, काय सांगू, त्या दिवशी अख्खी इमारत जिन्यात उभी राहून हसली. वकील दंतवैद्यांना हसले, दंतवैद्य वकिलांना हसले, आणि गाणाऱ्या बाई दोघांना हसल्या. जो तो दुसऱ्याच्या बातमीवर खूश. पुढे मात्र एक गंमत झाली. वकीलसाहेब खरोखरच वेळेवर कोर्टात जाऊ लागले. दंतवैद्य पोराशेजारी बसून त्याची गणितं तपासू लागले (आणि ती त्यांना येत नाहीत, हीदेखील बातमी झाली). इमारतीतल्या आईबापांना आपल्याकडे कुणीतरी पाहतंय याची जाणीव झाली. पोरं त्यांच्याकडे पहिल्यापासूनच पाहत होती, फक्त त्यांच्या हातात माइक नव्हता. हा विचार मला स्वतःला सुचला आणि मी तो वर्तमानपत्राला पाठवला. तोही छापला नाही.

मग व्हायचं तेच झालं. सेक्रेटरींनी गाड्या लावायच्या जागेत खुर्च्या मांडून सभा बोलावली. विषय: बातमीपत्राचा एकतर्फीपणा आणि पालकांची जबाबदारी. दंतवैद्य म्हणाले, तिसऱ्या मजल्यावर बातम्यांचा पाऊस आणि पहिल्या मजल्यावर टिपूससुद्धा नाही, हे कसं? पहिल्या मजल्यावर आम्ही राहतो. सहाव्या मजल्यावरचं म्हातारं जोडपं तर फारच दुखावलेलं होतं. त्यांच्या घरात मूल नाही, म्हणून प्रतिनिधी नाही, म्हणून बातमी नाही. आम्ही काय भांडत नाही की काय, असं आजींनी विचारलं. चौथ्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिकाबाई उभ्या राहिल्या आणि शाळेच्या मैदानावर लावतात तो आवाज लावून म्हणाल्या की एवढ्याशा मुलीच्या हाती माइक देणारे पालक बेजबाबदार आहेत. चिरंजीव आणि सूनबाई माना खाली घालून बसले होते. मला राहवलं नाही. मी उठून मुलांवरच्या संस्कारांपासून मालकधार्जिण्या वर्तमानपत्रांपर्यंत सगळं सविस्तर बोललो. लोक मध्येमध्ये काही म्हणत होते, पण ते पुटपुटत असल्यामुळे मी थांबलो नाही. (नंतर कळलं की 'बसा, बसा' असं ओरडत होते.) दुसऱ्याच दिवशी बातमी आली की मुख्याध्यापिकाबाईंच्या नातवाला शाळेत जो कागदी किल्ला करायला सांगितला होता, तो बाईंनी स्वतः केला, आणि त्यांच्याच हाताखालच्या शिक्षिकेने त्याला 'सुधारणेस वाव' असा शेरा दिला.

दंतवैद्यांनी मात्र डोकं लढवलं. त्यांचा मुलगा, ज्याला एक दात पुढे आल्यामुळे पोरं सुळ्या म्हणतात, तो टिटवीचा हुकमी प्रतिनिधी. त्याला सायकल मिळाली आणि तो फुटला. गच्चीवरून कागदाच्या नळकांड्यातून त्याने स्वतःचं बातमीपत्र सुरू केलं. डॉक्टर आज प्रसन्न दिसत होते. डॉक्टरांनी मुलाला लाल रंगाची सायकल घेऊन दिली. फुगे फोडण्याच्या खेळाशी डॉक्टरांचा केवळ नावापुरता संबंध आहे. ('केवळ'! मी गच्चीवरच शेजारी उभ्या असलेल्या टिटवीला खूण केली, तिने मान डोलावली.) ताई, मोठ्या वर्तमानपत्रांचं काय चालतं ते मला त्या गच्चीवर जेवढं स्वच्छ दिसलं तेवढं अख्ख्या नोकरीत दिसलं नव्हतं. टिटवीने सुळ्याबद्दल एक शब्द वाईट काढला नाही. 'गच्चीवरील बातमीदाराला सायकल मिळाली', एवढंच वाचलं आणि ती लिफ्टच्या बातमीकडे वळली.

असं सगळं झकास चाललं असताना टिटवी एक कागद घेऊन माझ्याकडे आली. वाचण्याआधी बातमी मला दाखवायची, हा आमचा नियम. कागदावर असं होतं: 'पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. शाळेतून येताना पाण्याच्या टँकरने त्यांच्यामागून पुन्हा पुन्हा हॉर्न वाजवला. आजोबा रस्त्याच्या मधोमध बोलत राहिले. प्रतिनिधीने त्यांना ओढून बाजूला केले. प्रतिनिधी घाबरली होती. आजोबांची बाजू विचारली असता त्यांनी 'काय?' असे विचारले.'

आता यात अतिशयोक्ती किती आहे बघ. एक तर मी रस्त्याच्या अगदी मधोमध नव्हतो. दुसरं म्हणजे मी तिला एक महत्त्वाची गोष्ट समजावून सांगत होतो, की आजकालच्या पालकांचं रस्त्यात मुलांकडे लक्ष नसतं. मी म्हटलं, टिटवे, ही बातमी नाही, ही घरातली गोष्ट आहे. ती म्हणाली, दंतवैद्य काकांचीपण घरातलीच होती. मी म्हटलं, याला दुसऱ्या कुणाचा दुजोरा नाही. ती म्हणाली, टँकरवाल्या काकांना विचारू या का? मग मी आवाज चढवला. म्हटलं, मोठ्यांचं ऐकायचं असतं. त्यावर तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की मला नजर वळवावी लागली. तो कागद मी घडी करून खिशात घातला. तिने माइकची किल्ली खुंटीला लावली, आणि त्या संध्याकाळपासून बातमीपत्र बंद.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलते, नाही असं नाही. पण माझ्या डाव्या बाजूला उभी राहून बोलते. हळू आवाजात. घरातल्या कुणाला यात काही वावगं दिसत नाही, उलट पोरगी किती शहाण्यासारखी बोलायला लागली म्हणून कौतुक चाललंय. शाळेतून येतानाही तसंच. ओठ हलताना दिसतात, बोट धरलेलं असतं, आणि मी सगळ्या वाटेत 'हो का?' म्हणत चालतो. ती मला काय काय सांगते आहे आणि माझं काय काय बुडतंय, ते देवाला ठाऊक.

तेव्हा तू तिला मोठी आजी या नात्याने दोन शब्द लिही, की वडीलधाऱ्यांशी असं वागू नये. तुझं ती ऐकते. मुलांना वळण लावण्याची जबाबदारी सगळ्या घराची असते, यावर माझा पहिल्यापासून विश्वास आहे. भाऊजींना नमस्कार. उत्तर पत्रानेच पाठव, कारण फोन कंपनीचं अजून काही सुधारलेलं नाही.

तुझा धाकटा,
भाऊ

ता. क. फोन कंपनीचा माणूस येऊन गेला. फोनमध्ये काही दोष नाही म्हणाला. निदान मला तसं लिहून दाखवलं.

ता. क. दुसरा. ताई, तुझ्यापासून काय लपवू. त्या टँकरचा हॉर्न मला खरंच ऐकू आला नाही. सूनबाई दवाखान्यात असले प्रकार रोज पाहते. तिला कळलं तर दुसऱ्या दिवसापासून टिटवीला आणायला कुणीतरी बाई ठेवतील, आणि त्यात तिचं काही चुकणार नाही; मी तिच्या जागी असतो तर हेच केलं असतं आणि वर वर्तमानपत्राला कळवलंही असतं. त्या एका वाटेसाठी मी बातमी दाबली. म्हणून माझी खरी विनंती अशी की पोरीला काही लिहू नकोस. तू स्वतः चार दिवस इकडे ये आणि आल्या आल्या सगळ्यांदेखत म्हण की मला हल्ली नीट ऐकू येत नाही. मग मी तुला कानाच्या डॉक्टरांकडे नेतो, आणि तिथे गेलोच आहोत तर माझाही बघून घेऊ. यंत्र मिळालं तर ते तुझ्या नावावर. तुझे कान चांगले आहेत, हे मला माहीत आहे. पण लहानपणी फुलदाणी तू फोडलीस आणि मार मी खाल्ला, ते आठव.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायला टिटवीकडे दिलं, तर तिने आधी पत्र वाचून काढलं. (न वाचलेला कागद पुढे जाऊ द्यायचा नाही, हेही मीच शिकवलं होतं.) तिने दोन दुरुस्त्या सांगितल्या आहेत. मी रस्त्याच्या अगदी मधोमधच होतो. आणि मोठ्या आजीला खोटं बोलायला सांगणं ही चौथ्या मजल्याच्या किल्ल्यापेक्षा मोठी बातमी आहे. हे सगळं ती माझ्या उजव्या बाजूला उभी राहून बोलली. ताई, मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

ता. क. चौथा आणि शेवटचा. आज संध्याकाळी मी खुंटीवरची किल्ली काढली. माइकसमोर पाठ ताठ करून बसलो, श्वास घेतला आणि तो खिशातला कागद वाचला, पूर्ण, तिच्याच शब्दांत, आवाज एका पट्टीत. 'प्रतिनिधी घाबरली होती' या वाक्यावर तो थोडा हलला, नोकरीत असं कधी झालं नव्हतं. वाचून झाल्यावर बाहेर लोक हसले की आणखी काही, ते मला कळलं नाही. मी टिटवीला विचारलं, कसं झालं? ती उजव्या कानाशी आली आणि म्हणाली, 'आवाज छान होता. पण आजोबा, 'ऐकू येत नाही'च्या आधी तुम्ही 'किंचित' घातलंत.' घातला होता, ताई. माझ्याही नकळत घातला होता. मी माइक पुन्हा पुढे ओढला आणि दुरुस्ती वाचली.

सूनबाई कामावरून येताना जिन्यातच उभी राहून ऐकत होती. मला वाटलं, संपलं सगळं. तिने डॉक्टरांची वेळ माझ्यासमोरच ठरवली, मोठ्याने, मला ऐकू जाईल अशी. आणि शाळेच्या वाटेचं काय, असं मी विचारण्याआधीच टिटवी म्हणाली की आजोबांची डावी बाजू यापुढे ती बघणार, टँकर आला तर हात दोनदा दाबणार. कसून तालीम घेऊन सूनबाईने हे मान्य केलं.

तेव्हा आता तुझ्या कानांचं नाटक करायची गरज राहिली नाही. तरी तू ये. आलीस की माझ्या उजवीकडे बस, डावीकडची जागा गेली आहे.